रुमाल बांधून पत्रे फोडा म्हणणाऱ्यांना

जुनीभिंत: काल इथे एकाने लिहिलं, "ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे हातोड्याने फोडा, तोंडाला रुमाल बांधा, दोन तासांत मोकळे." वाचून डोकंच फिरलं. अहो, पत्रा शाबूत असतो तोवर ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटात धरलेले असतात, हातोडा बसला की तेच सुटतात, डोळ्यांना दिसतही नाहीत आणि श्वासातून आत जाऊन कॅन्सर करतात. आधी पत्रा भिजवा, पाण्यात थोडा साबण टाका म्हणजे पाणी मुरतं, बोल्ट सोडवून अख्खा खाली उतरवा. ग्राइंडर नको, झाडू तर अजिबात नको. जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा, वर लेबल लावा.

शांतपाणी: पण काढायचाच कशाला? धड पत्रा सील करून ठेवला तर धूळच नाही. तुम्ही लोकांना घाबरवता आणि मग अर्धवट माहितीचे लोक शिडीवर चढतात.

जुनीभिंत: आज सील कराल, पाच वर्षांनी तिथेच कुणीतरी ड्रिल मारेल, त्याला कोण सांगणार? नोंद ठेवणार असाल तर बोला.

दाढीवाला: मास्क कुठला ते सांगा की. एन-९५ चालेल ना?

जुनीभिंत: नाही. पी-१०० म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा रेस्पिरेटर, चेहऱ्याला घट्ट बसणारा. आणि दाढी असेल तर तो बसतच नाही, कडेने हवा आत येते.

दाढीवाला: झालं, आता दाढीवर आलात! पंधरा वर्षं साइटवर काम करतोय, मला काही झालं नाही.

तिसरामजला: पंधरा वर्षांचं काय सांगता? माझे वडील वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारं वेष्टण, करायचे. आई साइटवर कधी गेलीच नाही, रोज त्यांचे कपडे झटकून धुवायची. पस्तीस वर्षांनी मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, झाला तो आईला. तुमची दाढी राहू द्या, पण ते कपडे घरी नेऊ नका हो.

दाढीवाला: ...वाईट वाटलं. पण आमच्याकडचा पांढरा ॲस्बेस्टॉस आहे, तो तितका वाईट नसतो म्हणतात.

जुनीभिंत: कोण म्हणतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सगळेच प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलेत, पांढरासुद्धा. आणि दाढी ठेवायचीच असेल तर मोटरने हवा देणारा सैल हूड मिळतो, तो घाला.

शांतपाणी: बरं, फुटलेला पत्रा आणि भुसभुशीत लॅगिंग काढायलाच हवं, एवढं मान्य. लॅगिंगला तर बंदिस्त खोली, आतली हवा हेपा फिल्टरमधून (बारीक धूळ अडवणाऱ्या) बाहेर ओढणारं यंत्र आणि परवानाधारक माणसंच पाहिजेत. धड पत्र्याचं मात्र माझं मत तेच.

दाढीवाला: हुडाचं बघतो. कपडे साइटवरच बदलेन.