कॉलेजच्या लीगमध्ये राज्य सरकारचं काय काम?

खानापूरकर: भाचा कॅलिफोर्नियात शिकतोय. म्हणतो, यूसीएलए (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) बिग टेन या कॉलेजांच्या खेळाच्या लीगमध्ये गेलं आणि आता बर्कलीच्या विद्यापीठाला दरवर्षी १ कोटी डॉलर देतंय. लीग बदलली तर दुसऱ्या कॉलेजला पैसे कशाला हो?

टिळकवाडी_कट्टा: दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाची कॅम्पस. वर कारभार बघणारं रीजंट्स मंडळ, त्यातले बहुतेक गव्हर्नरनं नेमलेले. एक टीव्हीच्या पैशामागं दोघांची जुनी लीग सोडून गेलं, मागं राहिलेल्या दुसऱ्याचं उत्पन्न बुडालं, म्हणून मंडळानं भरपाई लावली. सोबत गेलेलं यूएससी विद्यापीठ खाजगी, त्याला कोण विचारणार!

शहापूरचे_काका: जुनंच आहे की हे. २००३ मध्ये एसीसी या दुसऱ्या लीगला सिराक्यूज विद्यापीठ हवं होतं. व्हर्जिनियाचे गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी लीगमधल्या व्हर्जिनिया विद्यापीठावर दाब आणला, की राज्याचं दुसरं सरकारी विद्यापीठ व्हर्जिनिया टेकही आत घ्यायला लावा. विस्ताराला ९ पैकी ७ मतं लागायची, तिथं व्हर्जिनियाचं मत अडलं आणि व्हर्जिनिया टेक आत! एका मताची किंमत बेळगावकराला सांगायला नको.

खानापूरकर: व्हय काका. आमचा पोरगा कबड्डी खेळतो. कोल्हापूर दोन-अडीच तासांवर, पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो दक्षिण विभागात, शिवाजी विद्यापीठाची पोरं पश्चिम विभागात. गाडीखर्च बघितला की डोकं फिरतंय.

शहापूरचे_काका: ती लीग १९५६ लाच ठरली रे बाबा.