आयबीपीएसचा फॉर्म: फोटो पिक्सेलमध्ये बसवला की चेहरा फाकतो, सही बसवली की केबी कमी पडतात

कोरा_कागद

आयबीपीएस, म्हणजे बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्या बँक क्लार्कच्या फॉर्मसाठी फाइली तयार करतेय. चार ठिकाणी अडलंय.

१) स्टुडिओतून मिळालेली सॉफ्ट कॉपी ३.५ × ४.५ सेंमीची आहे. पेंटमध्ये २०० × २३० केली की गाल सुजल्यासारखे दिसतात.
२) सही १४० × ६० केली की फाइल जेमतेम ५-६ केबीची होते. मागितलेत १० ते २० केबी.
३) अंगठ्याचा ठसा म्हणजे नुसता काळा ठिपका येतोय, रेषा दिसतच नाहीत.
४) हाताने लिहून द्यायच्या घोषणापत्राचा फोटो मोबाइलवर सरळ दिसतो, फॉर्मच्या प्रिव्ह्यूत मात्र आडवा.

सायबरवाले पैसे घेऊन करून देतात, पण पुढे आणखी फॉर्म भरायचेत. नेमकं काय चुकतंय ते एकदा कळू दे.

---

कात्री_आधी

पहिल्या प्रश्नाचं मूळ भरतीच्या जाहिरातीतच आहे. तिथे फोटोचं माप ४.५ × ३.५ सेंमी लिहितात आणि लगेच पुढे २०० × २३० पिक्सेल. ही दोन मापं एका प्रमाणातली नाहीतच! ३.५ भागिले ४.५ केलं तर ०.७८ येतं, २०० भागिले २३० केलं तर ०.८७. उभट फोटो तुम्ही त्यापेक्षा बुटक्या चौकटीत दाबून बसवताय, म्हणून चेहरा साधारण १२ टक्के रुंद होतो. ओळख पटवणाऱ्याच्या हातात तोच फोटो असतो, तेव्हा हे नुसतं दिसण्यापुरतं नाही.

उपाय सोपा आहे: आधी कापायचं, मग लहान करायचं, केबी सगळ्यांत शेवटी. छापील फोटो २०० डीपीआयवर (इंचाला २०० ठिपके) स्कॅन केला तर २७६ × ३५४ पिक्सेल मिळतात. रुंदी २७६च ठेवा आणि उंची ३१७ करा, म्हणजे ३७ पिक्सेल उडवायचे. ते खालून, शर्टाच्या बाजूने उडवा. डोक्यावरची मोकळी जागा आधीच कमी असते. आता हे २७६ × ३१७ चं चित्र २०० × २३० वर आणा, चेहरा तसूभरही फाकणार नाही. स्टुडिओची सॉफ्ट कॉपी याहून मोठी असते, तिथेही हिशेब तोच: रुंदीला १.१५ ने गुणा, येईल ती उंची ठेवा.

पिक्सेल, केबी आणि डीपीआय यांची लोक खिचडी करतात. पिक्सेल म्हणजे चित्रात किती ठिपके आहेत. केबी म्हणजे ते साठवायला लागलेली जागा. तेच चित्र कमी-जास्त दाबून साठवलं तर केबी बदलतात, पिक्सेल तेवढेच राहतात. डीपीआयला अर्थ आहे तो स्कॅन करताना, एका इंचात किती ठिपके उचलायचे एवढाच. ठशाला २४० × २४० आणि घोषणापत्राला ८०० × ४०० ही मापं तिथूनच येतात: २०० डीपीआयवर ३ सेंमीचे २३६ ठिपके होतात, १० सेंमीचे ७८७. तयार फाइलच्या प्रॉपर्टीत ७२ किंवा ९६ डीपीआय दिसलं म्हणून घाबरू नका, त्यावर काही अडत नाही.

---

शाईवाला

सहीचं सांगतो. फोटो आणि सहीच्या पिक्सेल-मापापुढे जाहिरातीत ‘प्राधान्याने’ असं लिहिलेलं असतं. फॉर्म फाइल नाकारतो तो मुख्यतः केबी आणि फाइलचा प्रकार पाहून. १४० × ६० मध्ये पांढऱ्यावर एक काळी रेघ, त्यात साठवायला आहेच काय? म्हणून ५ केबी. सही त्याच प्रमाणात २८० × १२० ठेवा आणि जेपीजीची क्वालिटी ९० च्या वर न्या. १० केबीचा उंबरा साधारणपणे ओलांडला जातो, वर सही ठळक दिसते. केबी वाढवायला कडेला जास्तीचा पांढरा कागद ठेवायची युक्ती काही जण सांगतात, ती नको. प्रवेशपत्रावर सहीची मुंगी होते.

खरी गडबड कागदावरच झालेली असते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलने फिकट ७ × ३ सेंमीची चौकट काढून त्यात ऐसपैस सही करायला सांगतात. ७ सेंमीचे स्कॅनमध्ये ५५१ पिक्सेल होतात आणि ते १४० वर आणले की चौपट आकसतात. बारीक बॉलपेनची रेघ तिथेच राखाडी केस होऊन बसते. चौकट ४.९ × २.१ सेंमीची घ्या (प्रमाण तेच, ७:३), काळं ०.७ चं जेल पेन घ्या आणि नेहमीची सही नेहमीच्या वेगाने करा. पाच-सहा करून त्यातली एक निवडा. ‘आज सुंदर’ अशी सही करू नका, परीक्षागृहातल्या हजेरीपत्रकावर हीच पुन्हा करून दाखवायची आहे. इंग्रजी सही असेल तर सगळी कॅपिटल अक्षरं चालत नाहीत. कापताना पेन्सिलची रेघ आत येऊ देऊ नका.

ठसा: डावा अंगठा, काळी किंवा निळी शाई. काळा ठिपका येतो कारण पॅड ओलं असतं आणि आपण वर जोर लावतो. रेषांमधल्या खाचाही शाईने भरतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. अंगठा पॅडवर हलका टेकवा, पहिला ठसा रद्दी कागदावर उठवून टाका, दुसरा-तिसरा चांगल्या कागदावर घ्या. टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा; घासला किंवा फिरवला की रेषा पुसतात. कागदाखाली वर्तमानपत्राची दोन-तीन पानं ठेवली तर दाब सारखा पडतो. स्कॅन रंगीत करा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावलंत की चांगला ठसाही पुन्हा डाग होतो.

घोषणापत्र: मजकूर जाहिरातीत दिलाय तोच, शब्द न् शब्द, इंग्रजीतच आणि स्वतःच्या अक्षरात. मराठीत लिहिलेलं चालत नाही, दुसऱ्याने लिहिलेलं नाही, सगळं कॅपिटलमध्येही नाही. दृष्टिहीन उमेदवारांना टंकलेला मजकूर आणि अंगठा अशी वेगळी सोय आहे. १० × ५ सेंमीत पाच-सहा ओळी मावतात, म्हणजे ओळीला साधारण ८ मिमी. रेघी वहीचं पान घेऊ नका. त्याच रेघा-मापाचं पान कोऱ्या कागदाखाली धरा, ओळी सरळ येतील. फाइल ५० ते १०० केबी.

---

सेव्ह_अ‍ॅज

चौथा प्रश्न: मोबाइल चित्र प्रत्यक्षात फिरवत नाही, ‘हे उभं दाखवा’ अशी खूण फाइलला जोडून ठेवतो. फोनची गॅलरी ती खूण वाचते, बऱ्याच वेबसाइट वाचत नाहीत. संगणकावर पेंटमध्ये उघडा, गरजेप्रमाणे फिरवा, जेपीजी म्हणून सेव्ह करा, प्रश्न मिटला. फोनवरच करायचं असेल तर क्रॉप करून नवी प्रत सेव्ह करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

फाइल अडण्याची आणखी नेहमीची कारणं:

– आयफोनचा फोटो एचइआयसी प्रकारात असतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडा आणि फोटो नव्याने काढा. नाव बदलून शेवटी ‘.जेपीजी’ लावल्याने आतला प्रकार बदलत नाही. पीएनजीचंही तसंच.
– व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली सॉफ्ट कॉपी आधीच दाबलेली असते. स्टुडिओवाल्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.
– जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते. केबी जुळले नाहीत तर मूळ फाइलपासून सुरुवात करा, बिघडलेलीवर पुन्हा रंधा मारू नका.

पेंटमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मापाची खिडकी येते, पण जेपीजीची क्वालिटी तिथे हातात नसते. त्यासाठी इरफानव्ह्यू घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. कंट्रोल-आर ने माप बदला आणि सेव्ह करताना क्वालिटीची पट्टी सरकवा. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये तर एक्स्पोर्टच्या वेळी प्रिव्ह्यूवर खूण केली की किती केबी होतील ते पट्टी सरकवतानाच दिसतं. फोटोसाठी २० ते ५० केबी मागतात, ३० ते ४० च्या मध्ये थांबा. ४९.८ वर नेऊन ठेवू नका; काही ठिकाणी १ केबी म्हणजे १००० बाइट धरतात, काही ठिकाणी १०२४, आणि काठावरची फाइल त्यातच लटकते.

‘५० केबीत फोटो करा’ छापाच्या वेबसाइटबद्दल माझं मत वाईट आहे. चेहरा, सही आणि अंगठा हे तिन्ही एकाच अनोळखी ठिकाणी चढवायचं कशाला?

---

डार्करूम

वरचं सगळं बरोबर, पण फोटोच धड नसेल तर पुढची कारागिरी वाया. घरी काढायचा असेल तर भिंतीला चिकटून उभं राहू नका, दोन-तीन फूट पुढे या, म्हणजे मागे सावली पडत नाही. उजेड समोरून, खिडकीचा. फ्लॅश बंद. मागचा कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात, डोळ्यांच्या उंचीवर आणि पाच-सहा फुटांवरून. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ब्यूटी मोड बंद. पोर्ट्रेट मोडही बंद. तो केसांच्या आणि कानांच्या कडा खातो.

पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट, म्हणून कपडे गडद. पांढऱ्यावर पांढरा शर्ट घातला की २०० पिक्सेलमध्ये खांदे गायब होतात. टोपी आणि गडद चष्मा नको. नंबरचा चष्मा चालतो, पण काचेवर चमक नको, डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत. हनुवटी किंचित खाली घेतली की चमक जाते. धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, चेहरा झाकलेला नाही. बॅकग्राउंड उडवणारी अ‍ॅप टाळा, केसांभोवती कुरतडल्यासारखी कड राहते आणि फोटो चिकटवलेला वाटतो.

त्याच फोटोच्या सात-आठ प्रती आत्ताच छापून ठेवा, कॉल लेटरवर अपलोड केलेलाच फोटो लावायचा असतो. आता फॉर्म भरताना वेबकॅम किंवा मोबाइलने लाइव्ह फोटोही घेतात, तेव्हा फॉर्मला बसण्याआधीच उजेडाची जागा पाहून ठेवा. ट्यूबलाइटखाली बसून काढलेल्या लाइव्ह फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खळगे येतात.

---

कोरा_कागद

३७ पिक्सेल खालून कापले आणि चेहरा माणसात आला. सही २८० × १२० वर १३ केबी झाली. याच फाइली एसएससीला (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) चालतील का?

---

सेव्ह_अ‍ॅज

फोटो नाही. २०२४ पासून एसएससी तयार फोटो अपलोड करून घेतच नाही, अर्ज भरतानाच लाइव्ह काढावा लागतो. चष्मा आणि टोपी काढून, समोर बघून. छापील फोटोचा फोटो काढलात तर अर्ज बाद होऊ शकतो. सही तिथेही १० ते २० केबीच, पण चौकट ६ × २ सेंमी, म्हणजे प्रमाण ३:१. तुमची ७:३ वाली ताणून बसवू नका, मूळ स्कॅनमधूनच नवी कापा. यूपीएससीला चेहऱ्याने फोटोची तीन-चतुर्थांश जागा व्यापलेली लागते, तिथे स्टुडिओतला छातीपर्यंतचा फोटो बहुधा आणखी जवळून कापावा लागेल.

---

शाईवाला

आणि फाइलींना फोटो, सही, ठसा, घोषणा अशी नावं द्या. सहीच्या जागी फोटो आणि फोटोच्या जागी सही चढली तर परीक्षेला बसू देत नाहीत. शेवटचं बटण दाबण्याआधी प्रिव्ह्यू मोठा करून चारही चौकटी बघा. मेंदी काढायचा बेत असेल तर परीक्षेनंतर, केंद्रावर बोटांचे ठसे घेतात तेव्हा तिच्यामुळे अडतं.