उ. चौरस हा आयत कसा?
वर विचारलंय की 'चौरस हाही आयतच' हे मुलांच्या गळी उतरत नाही, काय करावं. माझ्या मते चित्रं दाखवून नावं पाठ करून घेतली की हे होणारच. मुलं मग आकार 'कसा दिसतो' तेवढंच बघतात. चौरस जरा तिरका ठेवला की लगेच 'पतंग' म्हणतात.

त्यापेक्षा अटी विचारा. चारही कोन काटकोन? मग आयत. बाजू सारख्या असाव्यात की नसाव्यात, याबद्दल आयताची काही अटच नाही, त्यामुळे चौरस आपसूक आत येतो.

पुठ्ठ्याच्या चार समान पट्ट्या टोकांना टाचण्यांनी जोडून चौरस करा आणि एक कोपरा हळूच ढकला. बाजू तेवढ्याच राहतात, काटकोन जातात: समभुज चौकोन! कर्णांच्या जागी दोरा धरून बघा, एक लांबतो, दुसरा आखडतो, पण दोघांमधला काटकोन मात्र कायम.

समलंब चौकोन शेवटी घ्या. त्यात समांतर बाजूंची 'एकच जोडी' की 'किमान एक', यावर पुस्तकांतच एकमत नाही. आपलं पाठ्यपुस्तक काय म्हणतं ते आधी पाहून ठेवा.