दुबईची कंपनी, निर्णय मात्र पुण्यात
दुबईत कंपनी काढली की कर शून्य, असं बरेच जण सांगतात. जरा थांबा. १ जून २०२३ पासून पुढे सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी तिथे ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. फ्री झोनमधला, म्हणजे तिथल्या खास सवलतींच्या क्षेत्रातला, शून्य दर अटी पाळल्या तरच. खरी मेख आपल्याकडे आहे. इतिवृत्तात सभा दुबईची, पण दर ठरवणारे, करार मंजूर करणारे ईमेल पुण्याहून गेलेले, अशी फाइल मी स्वतः चाळली आहे. कारभाराची सूत्रं भारतातून हलत असतील तर कंपनी इथली रहिवासी ठरते आणि जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर यातून सूट आहे, पण दुबईची कंपनी आणि तुमची इथली कंपनी यांच्यातले व्यवहार बाजारभावानेच दाखवावे लागतात. आधी तिथे निर्णय घेणारा माणूस बसवा, मगच परवान्याचे पैसे भरा.