मदत हवी आहे: नडगीचं ओपन फ्रॅक्चर, रॉड की बाहेरची फ्रेम?

नमस्कार मंडळी, माझ्या मावसभावाला बाईकवर असताना टेम्पोने धडक दिली, नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलंय. टाइप थ्री-ए आहे म्हणाले, म्हणजे जखम मोठी पण हाड झाकायला मांस-कातडी पुरेशी आहे. त्याच दिवशी जखम धुऊन, साफ करून बाहेरून एक्स्टर्नल फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेरून धरून ठेवणारी फ्रेम) लावलाय आणि अँटिबायोटिक चालूय. आता एक डॉक्टर म्हणतात जखम बरी दिसतेय तर फ्रेम काढून आत इंटरलॉकिंग नेल (हाडाच्या पोकळीत बसवून स्क्रूने पक्का करतात तो रॉड) टाकू, दुसरे म्हणतात इन्फेक्शनची भीती आहे, हाड जुळेपर्यंत फ्रेमच ठेवा. दोघंही अनुभवी, मावशी पार गोंधळून गेलीय हो.

मी थोडं वाचलं. टांझानियात दार-एस-सलामला याच दोन पद्धतींची ट्रायल झाली होती, त्यात वर्षभराने पुन्हा ऑपरेशन लागण्यात ठळक फरक दिसला नाही, पण नेलवाल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त बरं वाटलं आणि हाडही सरळ राहिलं. मला त्यामुळे नेलच पटतंय, पण तिथे नेल पहिल्यापासूनच टाकला होता आणि याला आधीच पिना आहेत, पिनेच्या भोकातून जंतू आत गेले तर? लवकर बदललं तर धोका कमी असं म्हणतात, म्हणूनच घाई आहे.

इथे कोणी ऑर्थोपेडिक डॉक्टर, फिजिओ किंवा यातून गेलेलं आहे का? फ्रेम काढून नेल टाकताना मधे काही दिवस प्लास्टर ठेवतात का? पायावर वजन कधी टाकू दिलं? तो तंबाखू खातो, त्याने हाड जुळायला वेळ लागतो ना, कशी सोडवली कोणी? प्लीज लवकर सांगा.