मुंबई मॅरेथॉनच्या जुन्या विजेत्यांविषयी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. दादरच्या आमच्या वाचनालयात येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या वाटचालीवर छोटे भित्तिप्रदर्शन लावण्याचे ठरले असून मजकूर जमवण्याचे काम माझ्याकडे आहे.

परदेशी विजेत्यांची माहिती सहज मिळते. २००४ च्या पहिल्या शर्यतीत दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला जिंकला, पुढे बराच काळ केनिया आणि इथिओपियाच्या धावपटूंचे वर्चस्व राहिले, आणि २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करून स्पर्धाविक्रम नोंदवला. करोनामुळे २०२१ आणि २०२२ मध्ये शर्यत झाली नाही, हेही नोंदवले आहे.

अडचण भारतीय गटाची आहे. नितेंद्रसिंग रावत, टी. गोपी, सुधा सिंग ही अलीकडची नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु सागरी सेतू मार्गात येण्यापूर्वीच्या, म्हणजे २००९ पर्यंतच्या भारतीय विजेत्यांची वर्षवार नावे आणि वेळा मला हव्या आहेत. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांची कात्रणे कुणी जपून ठेवली असल्यास त्यांची छायाचित्रे पाठवावीत. मूळ कागद मागणार नाही.

त्या वर्षांत धावलेल्या कुणी परतीच्या वाटेवरील पेडर रोडच्या चढाची आठवण चार ओळींत लिहून दिली, तर ती आकड्यांच्या तक्त्याहून अधिक वाचली जाईल, असे मला वाटते. मजकूर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळावा, ही विनंती.