मदत हवी आहे: बी.ए.चा प्रोजेक्ट ‘हा निबंध झाला’ म्हणून परत आलाय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच बी.ए. भाग ३ ला आहे. विषय इतिहास, माध्यम मराठी. प्रोजेक्टला ‘राजर्षी शाहूंच्या काळातली कोल्हापूरची बोर्डिंगं’ (म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं) हा विषय घेतलाय. ४० पानं लिहून सरांना दिली, ती आठ दिवसांनी परत आली. पहिल्याच ओळीखाली लाल पेन. ओळ अशी होती: ‘शाहू महाराज हे थोर समाजसुधारक व द्रष्टे राजे होते.’ शेजारी सरांनी लिहिलंय, ‘हे कोण नाकारतंय?’ आणि शेवटच्या पानावर, ‘माहिती भरपूर. पण हा निबंध झाला. तुझं म्हणणं कुठाय?’

माझं म्हणणं असू शकतं हेच मला माहीत नव्हतं, खरं सांगते. शाळेपासून प्रस्तावना, मुद्दे, समारोप आणि मधे एखादं सुभाषित, एवढंच शिकलोय. कॉलेजात संशोधन लेखनाची कार्यशाळा झाली होती, दीड तासाची. त्यातला अर्धा तास सत्कारात गेला. उरलेल्या वेळात पाहुण्यांनी संशोधनाचं महत्त्व सांगितलं. लिहायचं कसं ते राहूनच गेलं.

माझ्याकडे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग (१९०१), मुस्लिम बोर्डिंग (१९०६), मिस क्लार्क बोर्डिंग (१९०८) अशी सगळी माहिती सालवार आहे. आमच्या गल्लीतले एक आजोबा १९६० च्या सुमारास एका बोर्डिंगात राहिलेत, त्यांच्याशी दोन तास बोलून आले. पण हे बोलणं संदर्भात कसं दाखवायचं? आणि या सगळ्यातून ‘म्हणणं’ काढायचं कसं? सबमिशनला १५ दिवस उरलेत. एआयला विचार असं कृपया सांगू नका. विचारून झालंय, त्यानं छापलीच नाहीत अशी पुस्तकं संदर्भ म्हणून दिली.

रंकाळाकाठ: पोरी, सरांवर चिडू नकोस, लाल पेन वापरणारे सर आजकाल मिळत नाहीत. मी बरीच वर्षं असले प्रोजेक्ट तपासतोय, नव्वद टक्के पोरं गौरवगीतच लिहून आणतात. तुझ्या यादीकडेच नीट बघ की. मराठा, मुस्लिम, जैन, लिंगायत, प्रत्येकाचं बोर्डिंग वेगळं. १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवणारा, जातिभेदाविरुद्ध उभा राहिलेला राजा जातवार बोर्डिंगं का काढतो? यातली बरीच बोर्डिंगं जिथं आहेत त्या दसरा चौकात उभी राहून हा प्रश्न स्वतःला विचार. वेगळ्या बोर्डिंगांमुळे त्या त्या समाजाची पोरं शिकली, पण जातीची भिंत पातळ झाली की पक्की? कुठलीही बाजू घे, समोरचा वाद घालू शकला पाहिजे. ते तुझं म्हणणं. मग ४० पानांतली जी माहिती त्याला लागत नाही ती काढून टाक. जीव तुटेल, तरी काढ.

आजोबांचं सोपं आहे. त्यांची परवानगी घे, तारीख आणि ठिकाण लिही, त्यांना नको असेल तर नाव गाळ. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत असं खाजगी बोलणं मजकुरातच कंसात येतं, शेवटच्या संदर्भसूचीत नाही. तुमचा विभाग कुठली पद्धत मागतो ते आधी विचार. आणि त्यांची आठवण १९६० ची आहे, शाहूकाळाचा पुरावा म्हणून ती वापरू नको. हे परीक्षक पहिलं पकडतील.

बिंदू चौक: करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन आलीस का? १८५० ची लायब्ररी आहे, जुनी पुस्तकं तिथं बघ. आणि पुस्तकातला परिच्छेद चार शब्द बदलून उतरवू नको, तो चोरीतच धरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं.

(मूळ प्रश्नकर्ती): रंकाळाकाठ सर, जातवार बोर्डिंगांचा प्रश्न वाचून रात्री झोप नाही आली. आजोबांना परत विचारलं. ते म्हणाले, ‘ताटं सगळ्यांची सारखी, पण पंगत आपापल्या बोर्डिंगात.’ तुम्ही म्हणता तसं हे शाहूकाळाचं नाही, म्हणून शेवटच्या प्रकरणात ‘नंतरचे दिवस’ म्हणून टाकते. आता एकच अडचण उरली. पुराभिलेखागारातून एका जुन्या कागदाची नक्कल मिळालीय, ती मोडीत आहे. दोनच पानं. दसरा चौकाच्या आसपास मोडी वाचणारं कोणी आहे का? संध्याकाळी सहानंतर कुठंही येते.